त्यांचं म्हणणं

आमच्या भाऊजींना एक वाईट खोड. ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याच दारात आधी जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "तुमचं म्हणणं काय?" समोरचा शिव्या देवो, कुत्रं सोडो, हे उभेच. उत्तर मिळालं की ते जसंच्या तसं लिहायचं, खाली, शेवटच्या ओळीत. ती ओळ भरली नाही तर बातमी लावायची नाही. मी कितीदा म्हटलं, "भाऊजी, चोराला विचारून चोरी लिहिता का हो?" तर म्हणायचे, "वहिनी, चोर कशावरून? आधी विचारू तर द्या."

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. शहरातल्या एका पेपरला बातम्या पाठवायचे. पेपर त्यातल्या थोड्या छापायचा आणि बऱ्याच गिळायचा. गिळलेल्या बातम्या भाऊजी गिरणीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे. दळण घेऊन येणारा प्रत्येक माणूस तिथे थांबणार, आणि पीठ होईस्तोवर त्याला दुसरं काम नाही. त्यामुळे पेपरपेक्षा फळा जास्त वाचला जायचा. भाऊजींचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. खिशात पैशाऐवजी खडू घेऊन फिरणाऱ्याला मुलगी देणार कोण?

त्यांनी घरच्यांनाही सोडलं नव्हतं. एकदा ह्यांच्या हातून ट्रॅक्टर शाळेच्या कुंपणावर गेला. (हे म्हणजे माझा नवरा.) रात्री जेवताना भाऊजींनी विचारलं, "दादा, तुझं म्हणणं काय?" ह्यांनी ताट सरकवलं आणि ओरडले, "ब्रेक लागला नाही! घास तरी गिळू दे!" दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: त्यांचं म्हणणं, ब्रेक लागला नाही. घासाचं तेवढं गाळलं होतं, भाऊ म्हणून.

त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं तळ गाठला. मिरची ऐन तोडणीला आलेली आणि मोटर पाण्याऐवजी हवा ओढायला लागली. मी पाइप आणखी खाली सोडला, पुन्हा सोडला, मग सोडायला पाइपच उरला नाही. शेवटी बादलीनं पाणी शेंदून झाडाझाडाला घालायचं. तळहाताची सालं निघाली, त्यात मिरची तोडायची, म्हणजे हात रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले तरी आग जाईना. आमचीच नाही, नदीकाठच्या सगळ्यांच्या विहिरींची तीच गत. कारण आंधळ्यालाही दिसत होतं. नदीच्या पात्रात दोन मोठी यंत्रं दिवसभर पाणी धरून ठेवणारी वाळू उकरत होती, आणि ट्रॉल्या भरून चालल्या होत्या.

त्यातली एक ट्रॉली आमचे हे चालवत होते.

वाळूच्या ठेकेदाराला सगळे मालक म्हणायचे. ट्रॅक्टर त्याचा, हे त्याचे नोकर. म्हणजे माझा नवरा दिवसा विहिरीखालचं पाणी वाहून न्यायचा आणि मी संध्याकाळी त्याच विहिरीत बादली सोडायची. मी बोलले की म्हणायचे, "मी नाही चालवला तर दुसरा चालवेल." तेही खरंच होतं. म्हणून मी मूग गिळून बसायचे, पण बादली जरा जोरात आपटायचे.

भाऊजी मात्र विहिरी मोजत फिरत होते. दोरीला दगड बांधायचा, आत सोडायचा, ओली किती ते बघायचं. विहिरीत वाकून वाकून छातीला वळ उठले होते. सगळं लिहून, खालची ओळ तेवढी रिकामी ठेवून, त्यांनी पेपरला पाठवलं. मग संपादकाला फोन केला. मी तिथेच मिरच्या निवडत होते. संपादकाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "बातमी उत्तम आहे हो, पण जागा नाही." दुसऱ्या दिवशी पेपर आला, तर अख्खं पहिलं पान मालकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचं. मालक हसतोय, गळ्यात हार, मागे नदीचं चित्र. त्यात पाणीसुद्धा होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "जागा कुठे गेली ते कळलं ना?"

"कळलं. मग फळा आहेच की."

हे ताडकन उठले. "माझी नोकरी जाईल. लिहायचंच असेल तर आधी मला घराबाहेर काढ."

भाऊजी म्हणाले, "दादा, तुझं नाव कुठेच नाही. मालकाचंही अजून लिहिलं नाही. उद्या त्याला विचारून येतो."

"त्याला विचारणार? नदीवर जाऊन?"

"नियम तो नियम."

सकाळी सायकलवरून कुरबुर झाली. घरात सायकल एकच. मला मिरचीची पोती बाजाररस्त्यावर न्यायची होती, आणि ट्रॉली घरातलाच माणूस चालवत असला तरी मालकाच्या वाळूशिवाय तिच्यात दुसरं काही भरायची सोय नव्हती. मी म्हटलं, "भाऊजी, सायकल मी नेते."

"न्या. मी चालत जातो. नदी काय पळून जातेय?"

"पाणी तर पळालंच की," मी म्हटलं, आणि ते सगळे दात दाखवून हसले. ते दात मी त्या दिवशी शेवटचे पाहिले.

मी बाजाररस्त्यावर मिरची मापून देत होते तेव्हा गिरणीवाली धावत आली. गिरणी तिची, ती एकटी चालवते, आणि जाडजूड बाई, तिला धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. अंगावर पीठ, चेहऱ्यावर पीठ, त्यातून घामाचे ओघळ. "चल दवाखान्यात," एवढंच म्हणाली. मी मिरची तशीच टाकली, सायकलवर बसले आणि दवाखाना गाठला.

भाऊजी बाकड्यावर आडवे होते. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. उजवा हात कोपराच्या खाली भलतीकडे वळला होता. शर्टाच्या खिशातला खडू अंगाखाली चुरडून छातीवर पांढरा डाग पडला होता, आणि मी वेड्यासारखी तो डागच झटकत बसले. शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला ते वाळूच्या ढिगामागे सापडले, त्यानं हातगाडीवर घालून आणलं.

हे कोपऱ्यात उभे होते, मालकाच्या माणसाबरोबर. हवालदार कागदाची घडी घालत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सायकलवरून पडले. भावानं जबाब दिलाय, सही झालीय."

"कुठल्या सायकलवरून?" मी म्हटलं.

"स्वतःच्या. दुसऱ्या कुठल्या?"

"सायकल बाहेर उभी आहे, साहेब. सकाळपासून माझ्याजवळ आहे. पोती बांधलेली दोरी अजून तिला लटकतेय."

हवालदारानं खिडकीतून बाहेर पाहिलं. मग घड्याळात पाहिलं आणि गेला. मालकाचा माणूस त्याच्या मागोमाग. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला काय माहीत सायकल तू नेलीस," हे पुटपुटले. "तो म्हणाला, सही कर, नाहीतर तुझाही..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर भाऊजी कण्हत होते. आधी डॉक्टरांना हाक मारली.

घरी आणल्यावर मी त्यांना चमच्यानं पेज भरवायचे. जबडा बांधलेला, दाताच्या फटीतून जेवढं जाईल तेवढं. अंग पुसायचं, दाढी करायची, मग पाणी शेंदायचं, मग मिरची. मिरचीच्या हातांनी त्यांच्या तोंडाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून आधी ते आणि मग शेत. हे रोज सकाळी ट्रॅक्टर घेऊन नदीवर जात होते. ज्या ढिगामागे भाऊ पडला होता, त्याच ढिगातून ट्रॉली भरायची. संध्याकाळी यायचे, मोरीत पाय धूत बसायचे. वाळू निघून गेली तरी धूतच बसायचे.

आणि भाऊजी ह्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. उलट चहा आला की डाव्या हातानं खूण करायचे, आधी दादाला द्या. हे तो कप घेऊन बाहेर जायचे आणि कप तसाच भरलेला परत आणायचे.

शहरातून संपादकानं फळांची टोपली पाठवली. टोपलीखाली पेपर अंथरला होता, त्यात दोन ओळी होत्या: आमचे वार्ताहर सायकल अपघातात जखमी, लवकर बरे व्हावेत ही सदिच्छा. मी वाचून दाखवलं. भाऊजींच्या बांधलेल्या जबड्यातून आवाज आला. मला वाटलं रडतात. हसत होते.

"वहिनी, कागद घ्या," दातांच्या फटीतून म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही लिहा."

एकेक शब्द थांबत थांबत सांगितला. वाळूचं, विहिरींचं, माराचं. मी विचारलं, "मारणाऱ्यांना काय म्हणायचं? नीच? गुंड?"

"काहीच नाही. मारलं, एवढंच. आणि खाली जागा सोडा."

"कशाला?"

"त्यांचं म्हणणं."

मी पेन्सिल फेकली. "त्यांचं म्हणणं तुमच्या तोंडावर उमटलंय! आरसा आणू का?"

"ते म्हणणं नाही. तो मार." जरा दम घेतला. "मी तोंड उघडलं तेवढ्यात पहिला दांडा बसला. प्रश्न विचारायचा राहूनच गेला."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका राग आला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवावं असंही इतकं वाटलं, की मी दोन्ही न करता नुसती उभी राहिले. मग म्हटलं, "बरं. मी जाते विचारायला."

मोरीतून आवाज आला. "तू नको." हे ओल्या पायांनी दारात उभे होते. "मी जातो. मला रोज जायचंच असतं तिथे."

मी एकटं सोडलं नाही. सकाळी ह्यांच्या मागोमाग नदीवर गेले आणि वाळूच्या ढिगाशी थांबले. मालक ताडपत्रीच्या सावलीत खुर्ची टाकून चहा पीत होता. ट्रॉल्यांची रांग लागलेली. हे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. नेहमी उभे राहतात तसेच, मान खाली, टोपी हातात.

"काय रे, ट्रॅक्टर कुठाय?"

"मालक, भावानं विचारलंय. वाळूचं आणि त्याला मारल्याचं फळ्यावर लिहायचंय. तुमचं म्हणणं काय?"

यंत्रांचा आवाज चालू होता. एका ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. मालक आधी हसला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे. तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं? घे लिहून. तो सायकलवरून पडला. तुझीच सही आहे. आणि वाळूचं म्हणशील तर नदी काय त्याच्या बापाची आहे का?"

ह्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "त्याचा बाप तोच माझा बाप, मालक. नाही, त्याची नव्हती. कोणाचीच नव्हती." आणि परत म्हणाले, "एकदा पुन्हा सांगाल का? चुकीचं लिहिलं जाऊ नये."

मालकानं कपातला चहा ह्यांच्या तोंडावर फेकला. गरम होता, गालावर लगेच लाल चट्टा उठला. ह्यांनी टोपीनं तोंड पुसलं, खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि वळले. मला वाटलं मागून कोणीतरी धावून येणार. पण ड्रायव्हर लोक ट्रॉल्यांवरून उतरून मध्ये उभे राहिले होते. नुसते बिड्या पेटवत उभे राहिले. हे चालत माझ्यापर्यंत आले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला माझा नवरा देखणा दिसला. पोळलेल्या गालासकट.

आता फळा. मारहाण झाली त्याच दिवशी कोणीतरी त्यावर गाडीचं जळकं तेल फासून गेलं होतं. तेलावर खडू उठत नाही. मी आणि गिरणीवालीनं राख आणि सोडा लावून घासला, नखं गेली तरी घासला. मग जुने सेल फोडून आतली काळी पूड काढली, कोळशाबरोबर वाटली, डिंक घालून दोन हात दिले. वाळेपर्यंत गिरणीवाली सांगत होती की मालकाचा माणूस फळा काढ म्हणून आला होता.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, भिंत माझ्या पैशाची, पीठ माझ्या गिरणीचं. तुझ्या घरचं दळण उद्यापासून दुसरीकडे ने. दुसरी गिरणी कुठाय तेही शोध." आणि खदखदून हसली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं. अक्षर माझं कुंपणासारखं, वरखाली. विहिरींचं लिहिलं, माराचं लिहिलं, आणि शेवटी: त्यांचं म्हणणं, तो सायकलवरून पडला. नदी काय त्याच्या बापाची आहे का? पुढे "हे साफ खोटं आहे" असं लिहायला माझे हात शिवशिवत होते. पण निघताना भाऊजींनी बजावलं होतं, "आपलं मत नाही लिहायचं." ठीक आहे, नाही लिहिलं. फक्त सायकल आणली आणि फळ्याखाली भिंतीला टेकवून ठेवली. दोरी तशीच लटकत होती.

दळणाची गर्दी जमली. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ आली की लोक फळ्याकडे बघायचे, मग खाली सायकलकडे. मिरची तोडायला माझ्याबरोबर असणारी एक बाई म्हणाली, "अगं बाई, त्या दिवशी तर ही सायकल पोती घेऊन माझ्या दारावरून गेली. मीच म्हटलं होतं, जरा हळू चालव." दुसरी म्हणाली, तिनंही पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं होतं. कोणीतरी हसलं आणि ते हसू रांगेत पसरत गेलं.

तेवढ्यात हवालदार आला. फळा पुसायला सांगितलं होतं त्याला, हातात ओलं फडकं होतं. पण वाचल्याशिवाय पुसणार कसा? वाचलं. खाली पाहिलं.

"ही सायकल कोणाची?"

"पडले ना भाऊजी जिच्यावरून, तीच," गिरणीवाली म्हणाली. "बघा, कुठे खरचटलीय का."

हे पुढे झाले. गालावरचा चट्टा आता काळा पडायला लागला होता. "साहेब, माझा जबाब बदलायचाय. मी खोटी सही केली. घाबरलो होतो." एवढ्या लोकांसमोर, मोठ्यानं.

हवालदारानं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "जबाब असा रस्त्यात बदलत नाहीत." आणि निघून गेला. फळा पुसायचा राहिला. फडकं तेवढं भिंतीवर ठेवून गेला.

सायकल घेऊन घरी आलो. भाऊजी उशीला टेकून वाट बघत होते. ह्यांनी सगळं सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. मी म्हटलं, "झालं ना आता समाधान?" भाऊजींचे डोळे भरले होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि ह्यांचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग दातांच्या फटीतून म्हणाले, "दादा, जबाब बदलून घेत नाहीत, ही पण बातमीच."

"मग?"

"का घेत नाहीत? हवालदाराचं म्हणणं विचारलंस?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, जरा पाठ टेकू द्या त्यांना!" पण हे हसत उठले होते. इतक्या दिवसांनी हसले. टोपी घातली, दाराशी गेले आणि सायकलला हात घातला. पोलीस ठाणं नदीच्या पलीकडे, रस्ता वाळूच्या ढिगावरूनच जातो.

"थांबा," मी म्हटलं. "सायकल ठेवा. चालत जा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग समजलं. सायकल परत भिंतीला लावली आणि निघाले. गिरणीच्या कोपऱ्यावर ती मिरचीवाली बाई भेटली, शेळ्यांचा म्हातारा भेटला, काल इंजिन बंद करणारा ड्रायव्हर भेटला, आणि तेही बरोबर चालायला लागले.

मी सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.